एका रसायनज्ञाचे घराणे

इंग्लंडात यॉर्कशर आणि लँकेशर या दोन परगण्यांच्या सीमेवर टॉडमॉर्डन नावाचे एक लहानसे गिरणगाव आहे. तेथील माध्यमिक शाळेत ल्यूक सटक्लिफ नावाचे पदार्थविज्ञानाचे एक शिक्षक होते. त्यांच्या हाताखालून गेलेला एक विद्यार्थी म्हणजे जॉन कॉकक्रॉफ्ट. अणूच्या गर्भात परिवर्तन घडवून आणण्याच्या कामाबद्दल कॉकक्रॉफ्ट यांना १९५१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच शाळेतला त्यांच्याहून पुष्कळ धाकटा असा दुसरा विद्यार्थी म्हणजे जेफ्री विल्किन्सन. त्यांना १९७३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले. एका गिरणगावातील एकाच मास्तरांच्या वर्गातून दोन नोबेलविजेते बाहेर पडावेत, ही गोष्ट सामान्य नव्हे. विल्किन्सन यांनी आपल्या आत्मवृत्तात या समान गुरूचा उल्लेख आवर्जून केला आहे.

ख्यालगायकीत गवयाची ओळख त्याच्या घराण्यावरून पटते. तालीम कोणाची, असे विचारले की पुढचे पुष्कळसे आपोआप कळते. शास्त्रज्ञांच्या जगातही असे घराणे असते, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. डॉक्टरेटचा विद्यार्थी आपल्या मार्गदर्शकाच्या प्रयोगशाळेत चार-पाच वर्षे काढतो. तेथे तो सिद्धांत शिकतो हे खरेच; पण त्याहून अधिक तो हात शिकतो, दृष्टी शिकतो आणि कोणता प्रश्न धरावा, कोणता सोडावा, हे शिकतो. विल्किन्सन यांचा एक नातूशिष्य, म्हणजे शिष्याचा शिष्य, अमेरिकेत नावारूपास आला. त्याचे नाव रिचर्ड श्रॉक. श्रॉक यांना २००५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक रॉबर्ट ग्रब्ज या अमेरिकन आणि ईव्ह शोव्हँ या फ्रेंच रसायनज्ञांसमवेत मिळाले. ज्या विक्रियेसाठी हा गौरव झाला तिचे नाव मेटॅथेसिस.

हा ग्रीक शब्द रसायनशास्त्राबाहेरही नांदतो. भाषाशास्त्रात त्याचा अर्थ वर्णविपर्यय. वाराणसीचे बनारस झाले तेव्हा ‘र’ आणि ‘ण’ यांनी आपापल्या जागा बदलल्या. लखनौला कोणी नखलौ म्हणतो तेव्हाही तेच घडते. अक्षरे तीच, स्थाने निराळी. रसायनातील मेटॅथेसिस याच जातीची आहे. कार्बनचे दोन अणू एकमेकांशी दुहेरी बंधाने जोडलेले असले की अशा संयुगाला ऑलिफिन म्हणतात. पॉलिथिनच्या पिशव्या ज्यापासून बनतात तो एथिलीन वायू हे त्यांतले सर्वांत साधे उदाहरण. मेटॅथेसिसमध्ये असे दोन रेणू एकत्र येतात, त्यांचे दुहेरी बंध मधोमध सुटतात आणि प्रत्येक अर्धा भाग दुसऱ्या रेणूच्या अर्ध्या भागाशी नव्याने जोडला जातो. स्वीडनच्या विज्ञान अकादमीने पारितोषिक जाहीर करताना त्याला जोडीदार बदलण्याच्या नृत्याची उपमा दिली होती. आपल्याकडे टिपऱ्यांच्या खेळात जोड्या फिरत फिरत बदलतात, तसेच हे.

उपमा सोपी आहे. प्रत्यक्षात गोष्ट फार अवघड होती. कार्बन-कार्बन दुहेरी बंध हा रसायनातील बळकट बंधांपैकी एक. तो असा सहज सुटावा आणि पुन्हा जुळावा, हे कोणाला खरे वाटले नसते. ही विक्रिया विद्यापीठांत सापडली नाही. ती तेलकंपन्यांच्या आणि रसायनकंपन्यांच्या कारखान्यांत सापडली. १९५० नंतरच्या दशकात ड्यू पाँ कंपनीचे हर्बर्ट एल्युटेरिओ यांनी मॉलिब्डेनमयुक्त उत्प्रेरकावरून प्रोपिलीन वायू नेला, तेव्हा बाहेर एथिलीन आणि ब्यूटीन आले. १९६४ साली फिलिप्स पेट्रोलियमच्या बँक्स आणि बेली यांनी अशाच निरीक्षणाची माहिती प्रसिद्ध केली. गुडइयर या टायरच्या कंपनीतील निसिम कॅल्डेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली विक्रियेला ‘मेटॅथेसिस’ हे नाव दिले. कॅनडात तर १९६६ पासून काही वर्षे या तत्त्वावर एक कारखानाही चालला. कारखाना चालत होता, माल निघत होता. पण धातूच्या पृष्ठभागावर नेमके काय घडते, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. उत्प्रेरक म्हणजे टंगस्टन किंवा मॉलिब्डेनमचे क्षार आणि त्यांत ॲल्युमिनियमची संयुगे मिसळून केलेली एक खिचडी. तिच्यातला कोणता कण काम करतो आणि कोणते नुसतेच बसून राहतात, हे सांगता येत नव्हते.

ते सांगता येण्यासाठी धातू आणि कार्बन यांच्यातील बंध समजायला हवा होता, आणि त्या समजुतीची सुरुवात मेटॅथेसिसशी काही संबंध नसलेल्या एका नारिंगी स्फटिकापासून झाली.

१९५१ च्या डिसेंबरात पीटर पॉसन आणि टॉमस कीली यांनी लोखंड, कार्बन आणि हायड्रोजन यांच्या एका नव्या संयुगाची माहिती छापली. ते संयुग विलक्षण टिकाऊ होते आणि तेच विलक्षण होते. कारण लोखंडासारख्या धातूचा कार्बनशी होणारा बंध दुबळा असतो, अशी तेव्हाची पक्की समजूत होती. त्या वेळी विल्किन्सन हार्वर्ड विद्यापीठात कनिष्ठ प्राध्यापक होते. युद्धकाळात त्यांनी कॅनडात अणुशक्तीच्या प्रकल्पावर काम केले होते आणि पुढे बर्कलीला ग्लेन सीबोर्ग यांच्याबरोबर अणुगर्भांच्या रसायनात काही वर्षे काढली होती. छापलेली रचना पाहताच ती चुकीची आहे, हे त्यांनी ओळखले. हार्वर्डमध्येच रॉबर्ट बर्न्स वुडवर्ड होते. एम. आय. टी. या संस्थेतून विसाव्या वर्षी डॉक्टरेट मिळवलेले ते विलक्षण बुद्धीचे सेंद्रिय रसायनज्ञ. दोघांनी आपापल्या सहकाऱ्यांसह १९५२ साली खरी रचना मांडली. कार्बनची दोन पंचकोनी कडी एकावर एक, आणि त्यांच्यामध्ये लोखंडाचा अणू. दोन भाकऱ्यांमध्ये लोण्याचा गोळा ठेवावा तसा. या संयुगाला पुढे फेरोसीन हे नाव पडले. म्यूनिकमध्ये अर्न्स्ट ओटो फिशर स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचले होते.

१९७३ चे नोबेल पारितोषिक फिशर आणि विल्किन्सन यांना मिळाले. वुडवर्ड यांचे नाव त्यात नव्हते. वुडवर्ड यांना १९६५ साली दुसऱ्या कामाबद्दल हा मान आधीच मिळालेला होता. तरीही त्यांनी नोबेल समितीला पत्र लिहून आपल्यावर अन्याय झाल्याचे कळवले. मूळ कल्पना प्रथम कोणाच्या मनात आली, याविषयी दोघांच्या आठवणी भिन्न होत्या. तो वाद येथे निकालात काढण्याचे कारण नाही. ध्यानात ठेवायचे ते इतकेच की १९५२ सालच्या त्या एका निबंधावर विल्किन्सन आणि वुडवर्ड ही दोन नावे शेजारीशेजारी आहेत. पुढे मेटॅथेसिसच्या कथेत ही दोन्ही घराणी पुन्हा समोरासमोर येतात.

हार्वर्डने विल्किन्सन यांना कायम केले नाही. १९५५ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजने त्यांना अकार्बनी रसायनाच्या प्राध्यापकपदी बोलावले, तेव्हा ते चौतिशीत होते. हार्वर्डमधील त्यांचा शिष्य आल्बर्ट कॉटन याच्यासह त्यांनी लिहिलेला जाडजूड पाठ्यग्रंथ १९६२ साली निघाला; आपल्याकडील विद्यापीठांतही रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ‘कॉटन-विल्किन्सन’ हे जोडनाव तोंडपाठ असते. पण लंडनमधील त्यांचे खरे कार्य ग्रंथात नसून एका ऱ्होडियमच्या संयुगात आहे.

वनस्पती तूप कसे बनते, हे पुष्कळांना ठाऊक आहे. तेलात निकेलची बारीक भुकटी घालून, उष्णता आणि दाब देऊन त्यातून हायड्रोजन सोडतात; तेलातील दुहेरी बंध हायड्रोजन घेऊन एकेरी होतात आणि तेल गोठते. निकेल येथे विरघळत नाही. भुकटीच्या पृष्ठभागावर सारा व्यवहार चालतो. १९६५ च्या सुमारास विल्किन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ऱ्होडियमचे असे संयुग तयार केले की जे द्रावणात पूर्ण विरघळते आणि नेहमीच्या तापमानाला, नेहमीच्या दाबाला तेच काम करते. विरघळलेला उत्प्रेरक म्हणजे ओळखता येणारा उत्प्रेरक. त्याचा प्रत्येक रेणू दुसऱ्यासारखा असतो, त्याची रचना शोधता येते आणि एखादा गट काढून दुसरा लावला तर काय फरक पडतो, हे पाहता येते. खिचडीची जागा रेखीव रेणूने घेतली. या कामात विल्किन्सन यांच्याबरोबर जॉन ऑस्बर्न नावाचा विद्यार्थी होता. हा ऑस्बर्न पुढे अध्यापक म्हणून जेथे गेला ते विद्यापीठ हार्वर्ड. ज्या संस्थेने गुरूला ठेवून घेतले नाही, तिने एका तपानंतर त्याचा शिष्य बोलावला. इतिहासाला असे लहानसे सूड उगवण्याची हौस असते.

ऑस्बर्न यांच्या हार्वर्डमधील पहिल्या विद्यार्थ्यांत रिचर्ड श्रॉक होते. श्रॉक यांचा जन्म ४ जानेवारी १९४५ रोजी इंडियाना राज्यातील बर्न या गावी झाला. वडील सुतारकाम करीत. मुलाला लाकडाचे वेड वडिलांकडून आले, आणि ते पुढेही टिकले. रसायनाचे वेड थोरल्या भावाकडून आले. आठव्या वाढदिवसाला त्याने रिचर्डला प्रयोगांची पेटी भेट दिली. कुटुंब नंतर कॅलिफोर्नियात गेले. तेथील विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतून १९६७ साली पदवी घेऊन श्रॉक हार्वर्डला आले आणि १९७१ साली त्यांनी डॉक्टरेट पूर्ण केली. त्यांचा विषय होता गुरूने लंडनहून आणलेलाच: ऱ्होडियम आणि हायड्रोजनीकरण. ऑस्बर्न आणि श्रॉक यांनी धनभारित ऱ्होडियमच्या उत्प्रेरकांचा एक नवा वर्ग तयार केला. पार्किन्सनच्या विकारावरील एल-डोपा हे औषध मोन्सँटो कंपनीत विल्यम नोल्स यांनी तयार केले, तेही पुढे धनभारित ऱ्होडियमचाच उपयोग करून. आणि त्या कामाला २००१ सालचे नोबेल लाभले. सुताराचा मुलगा रंधा आणि करवत चालवतो तितक्याच सहजतेने तोवर रेणू कसे बसवावेत, हे शिकला होता.

श्रॉक हार्वर्डमध्ये शिकत होते त्याच वर्षांत, पॅरिसजवळच्या फ्रेंच पेट्रोलियम संस्थेत ईव्ह शोव्हँ मेटॅथेसिसचे कोडे सोडवीत होते. शोव्हँ यांना घराणे नव्हते. परिस्थितीमुळे त्यांना डॉक्टरेट करता आली नाही. लिआँच्या रसायनविद्यालयाची १९५४ सालची पदविका एवढेच त्यांचे शिक्षण. एकलव्याला निदान द्रोणाची मूर्ती होती. यांच्यापुढे ग्रंथालयातील नियतकालिके होती. एका निबंधात फिशर यांनी टंगस्टन आणि कार्बन यांच्यात दुहेरी बंध असलेले पहिले संयुग वर्णिले होते, सन १९६४. दुसऱ्यात इटलीच्या नात्ता यांनी टंगस्टनच्या क्षाराने सायक्लोपेंटीनचे कडे उघडून त्याची लांब साखळी केली होती. तिसरा निबंध बँक्स आणि बेली यांचा. तीन वेगवेगळ्या कप्प्यांतले हे तीन निबंध शोव्हँ यांनी एका टेबलावर मांडले.

त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी झाँ-लुई एरिसाँ यांनी केलेला प्रयोग इतका स्वच्छ आहे की शाळेतील मुलालाही समजावा. सायक्लोपेंटीन हे पाच कार्बनांचे कडे. पेंटीन ही पाच कार्बनांची सरळ साखळी. तिचा दुहेरी बंध अशा ठिकाणी घेतला की तो सुटल्यावर दोन कार्बनांचा एक आणि तीन कार्बनांचा एक असे तुकडे पडावेत. आता दोन ऑलिफिन समोरासमोर येऊन जोडीनेच बदल करीत असतील, तर उघडलेल्या कड्याच्या एका टोकाला दोनाचा तुकडा आणि दुसऱ्या टोकाला तिनाचा तुकडा बसला पाहिजे: २ अधिक ५ अधिक ३, म्हणजे १०. दुसरे काही निघता कामा नये. प्रत्यक्षात ९, १० आणि ११ कार्बनांची तिन्ही संयुगे निघाली, आणि तीही १ : २ : १ या प्रमाणात. दोन नाणी एकदम उडवली असता दोन्ही छापे, एक छापा एक काटा आणि दोन्ही काटे यांचे प्रमाण जे येते, तेच हे प्रमाण. म्हणजे कड्याच्या दोन टोकांना तुकडे एकमेकांपासून स्वतंत्रपणे येऊन बसतात. याचा अर्थ असा की धातू एका वेळी एकच तुकडा हातात धरतो. धातू आणि तो तुकडा यांची दुहेरी बंधाने जोडी जमते. ती दुसऱ्या ऑलिफिनपाशी जाते, चौघांचे कडे क्षणभर जुळते आणि ते निराळ्या बाजूने सुटले की धातूच्या हाती नवा तुकडा येतो. १९७१ साली हा निबंध एका जर्मन नियतकालिकात फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाला. पहिली काही वर्षे त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. अमेरिकेत त्या वेळी निराळ्याच कल्पना चालू होत्या. खुद्द ग्रब्ज यांनी १९७२ साली पाच जणांच्या कड्याची कल्पना मांडली होती. १९७५-७६ च्या सुमारास ग्रब्ज यांनी जड हायड्रोजनाची खूण लावलेले रेणू वापरून प्रयोग केले, आणि त्या प्रयोगांनी शोव्हँ यांचीच बाजू बळकट केली. आपली पूर्वीची कल्पना स्वतःच्याच प्रयोगाने मागे टाकणे सर्वांना जमत नाही.

शोव्हँ यांच्या विवरणात एक उणीव मात्र होती. त्यांचा धातूसह दुहेरी बंध धरणारा रेणू कागदावर होता, कुपीत नव्हता. फिशर यांच्या संयुगात असा बंध होता. पण त्या कार्बनाला प्राणवायूच्या अणूचा आधार लागे. साध्या, निराधार कार्बनाशी असा बंध कोणी धरून दाखवला नव्हता.

तो दाखवला श्रॉक यांनी, आणि तो शोधताना त्यांचा हेतू निराळाच होता. केंब्रिजला वर्षभर जॅक लुईस यांच्याकडे राहून ते १९७२ साली अमेरिकेतील विल्मिंग्टन येथे ड्यू पाँच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. त्या सुमारास लंडनहून आजेगुरूची एक नवी शिकवण रसायनज्ञांत पसरली होती. विल्किन्सन आणि इतर काहींनी दाखवले होते की धातू आणि कार्बन यांचा बंध मुळात दुबळा नाहीच. कार्बनाच्या शेजारच्या जागी असलेला हायड्रोजन धातूकडे सरकतो आणि रेणू विस्कटतो. तिजोरी कच्ची नव्हती, मागचे दार उघडे होते. ज्या गटात असा हायड्रोजनच नाही तो वापरला की दार बंद होते. हे सूत्र धरून विल्किन्सन यांनी १९७३ साली टंगस्टनला सहा मिथिल गट जोडून दाखवले. श्रॉक यांनी तेच सूत्र टँटलमला लावले. पाच मिथिल गट लावलेले टँटलम तयार झाले, पण ते अस्थिर. मग त्यांनी निओपेंटिल नावाचा अधिक अवजड गट घेतला. मागचे दार तेथेही बंदच होते. तीन गट आणि दोन क्लोरीन अणू असलेल्या टँटलमच्या संयुगातील ते दोन क्लोरीन काढून तेथे आणखी दोन निओपेंटिल बसवायचे, एवढाच बेत होता.

पाच अवजड गट टँटलमभोवती मावले नाहीत. चौघांच्या बाकावर पाचवा बसू लागला म्हणजे कोणाला तरी उठावे लागते. येथे उठणाऱ्याने जाताना शेजाऱ्याचा एक हायड्रोजनही ओढून नेला. ज्याचा हायड्रोजन गेला तो कार्बन टँटलमशी दुहेरी बंधाने जोडला गेला. हाती आले ते नारिंगी रंगाचे, हवा लागताच बिघडणारे. पण हवेपासून दूर ठेवल्यास उत्तम टिकणारे संयुग. १९७४ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. येथे नशीब होते, असे म्हणता येईल. परंतु अपेक्षित पदार्थ मिळाला नाही म्हणून भांडे धुऊन टाकणारे पुष्कळ असतात. श्रॉक यांनी ते धुतले नाही. ऑस्बर्न आणि विल्किन्सन यांच्या तालमीतील माणूस द्रावणात काय आहे ते पाहिल्याशिवाय पुढे जात नाही.

या शोधानंतर मेटॅथेसिस लगेच हाती आली, असे मात्र झाले नाही. १९७५ साली श्रॉक एम. आय. टी. मध्ये गेले आणि पुढची पंधरा वर्षे या एका बंधाच्या मागे लागले. टँटलमचे संयुग ऑलिफिनला भेटे, चौघांचे कडे जुळे. पण ते हव्या त्या बाजूने सुटण्याऐवजी भलत्याच रीतीने मोडे. १९८० च्या सुमारास असे दिसले की धातूवर क्लोरीनऐवजी प्राणवायूद्वारा जोडलेले मोठे गट बसवले तर कडे योग्य बाजूने सुटू लागते. मग टँटलमकडून टंगस्टनकडे आणि टंगस्टनकडून मॉलिब्डेनमकडे. जो धातू १९५० नंतरच्या दशकात एल्युटेरिओ यांच्या भुकटीत होता तोच अखेर रेखीव रेणूत आला. या उत्प्रेरकांतील प्रत्येक गट सुतारकामातल्या पाचरीसारखा नेमक्या हेतूने बसवलेला आहे: नायट्रोजनवरचा अवजड गट दोन रेणूंना एकमेकांना भिडून नष्ट होऊ देत नाही, प्राणवायूवरचे गट धातूला किती उत्सुक ठेवायचे ते ठरवतात. १९९० साली प्रसिद्ध झालेला मॉलिब्डेनम उत्प्रेरक जगभर श्रॉक यांच्याच नावाने ओळखला जातो. त्याचा वेग असामान्य आहे. दोषही तितकाच ठळक आहे: हवा आणि ओल त्याला सोसत नाही. रबरी हातमोजे जडवलेल्या, नायट्रोजनने भरलेल्या काचेच्या पेटीत हात घालूनच त्याला हाताळावे लागते.

हा दोष ज्यांनी दूर केला ते ग्रब्ज दुसऱ्या घराण्यातले. केंटकी राज्यातील खेड्यात १९४२ साली जन्मलेला हा शेतकरीवळणाचा मुलगा. आई शाळेत शिकवीत असे. फ्लोरिडा विद्यापीठात शेतीचे रसायन शिकायला म्हणून गेला आणि मर्ल बॅटिस्ट यांच्या प्रयोगशाळेत सेंद्रिय रसायनात रमला. डॉक्टरेट १९६८ साली कोलंबिया विद्यापीठात, रोनाल्ड ब्रेस्लो यांच्याकडे. आणि ब्रेस्लो हे हार्वर्डमधील वुडवर्ड यांचे शिष्य. फेरोसीनच्या निबंधावर ज्या दोघांची नावे जवळजवळ होती त्यांच्यातील एकाचा नातूशिष्य श्रॉक, तर दुसऱ्याचा नातूशिष्य ग्रब्ज. ब्रेस्लो यांची कीर्ती तीन कार्बनांच्या इवल्या कड्यावर, सायक्लोप्रोपीनच्या कुळावर उभी होती. ग्रब्ज यांच्या प्रयोगशाळेने १९९२ साली रुथेनियम धातूचा पहिला रेखीव मेटॅथेसिस उत्प्रेरक केला, तो याच कुळातील एक कडे रुथेनियमकडून उघडवून. सेंद्रिय रसायनाच्या घरात वाढलेल्या माणसालाच ते कडे तत्काळ सुचावे, असे म्हणायला जागा आहे. रुथेनियमचा वेग मॉलिब्डेनमहून कमी. पण पाणी, हवा, मद्यार्क यांच्यापुढे तो कोमेजत नाही. १९९५ आणि १९९९ साली त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. ज्याच्यापाशी काचेची पेटी नाही अशा सामान्य रसायनज्ञाच्या टेबलावर मेटॅथेसिस आली ती त्यांच्यामुळे.

या दोघांना प्रतिस्पर्धी म्हणून रंगवण्याचा मोह अनेकांना होतो. वस्तुस्थिती अधिक चांगली आहे. १९९२ साली ग्रब्ज आणि ग्रेगरी फू यांनी साखळीची दोन टोके जोडून कडी तयार करण्याची रीत दाखवली आणि सेंद्रिय रसायनज्ञांचे लक्ष मेटॅथेसिसकडे वळवले, तेव्हा त्यांनी वापरला होता तो श्रॉक यांचा मॉलिब्डेनम उत्प्रेरक. आज औषधांच्या कारखान्यांत ही रीत रुळली आहे. यकृताचा दाह करणाऱ्या हेपॅटायटिस सी या रोगावरील सिमेप्रेव्हिर या औषधातील मोठे कडे तिनेच जोडले गेले. पिकांवरील किडीच्या नराला भुलवणारी गंधद्रव्ये, आघात सोसणारी कणखर प्लास्टिके, हेही तिचेच फळ. जुन्या रीतीने जे दहा टप्प्यांनी होई ते कित्येकदा दोन-तीन टप्प्यांत होते. टाकाऊ म्हणून निघतो तो बहुधा एथिलीन वायू.

२००५ च्या ५ ऑक्टोबरला पारितोषिक जाहीर झाले तेव्हा शोव्हँ चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि तूर शहरात निवृत्त जीवन जगत होते. त्यांना हा मान संकोचाचा वाटला. आपण वाट दाखवली, ती बांधली अमेरिकन सहकाऱ्यांनी, अशी त्यांची भावना होती. त्यांचा हा विनय आदरणीय आहे. पण तो शब्दशः मानण्याचे कारण नाही. ९, १० आणि ११ या तीन आकड्यांवाचून बाकीच्यांना आपण काय बांधतो आहोत, हेच कळले नसते. शोव्हँ २०१५ साली वारले, ग्रब्ज २०२१ साली. विल्किन्सन १९९६ सालीच गेले होते. नातूशिष्याचा गौरव पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

श्रॉक यांनी त्यानंतर मॉलिब्डेनमलाच आणखी कामे शिकवली. अमीर होवेदा यांच्याबरोबर त्यांनी उजवे-डावे ओळखणारे उत्प्रेरक केले. २००३ साली द्मित्री यांडुलोव्ह या सहकाऱ्याबरोबर त्यांनी हवेतील नायट्रोजनपासून नेहमीच्या तापमानाला अमोनिया मिळवून दाखवला. रेणूवरील अवजड गटांनी धातूचे रक्षण करायचे, हीच तेथेही युक्ती. २०१८ साली ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेत प्राध्यापक म्हणून परतले. एक्कावन्न वर्षांपूर्वी तेथूनच पदवी घेऊन ते ऑस्बर्न यांच्याकडे शिकायला निघाले होते.